देवमनची पाठराखीण

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारामागच्या एका गल्लीत देवमन तायडेचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पाटीवर ‘संध्या कॉम्प्युटर्स’ असं बायकोचं नाव आहे, आणि एवढ्यावरच माझी बोळवण झाली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. देवमन आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि आता कॉम्प्युटर. एप्रिल लागला की मोहल्ल्यातले जयंतीचे ॲम्प्लिफायर आजही त्याच्याच टेबलावर येऊन पडतात. माणूस तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ‘या, बसा’ नाही की काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला:

“आधी काय घेऊन बसला, थे सांग.”

त्याचंही बरोबर आहे म्हणा. लोक प्रोसेसर घेतात पुतण्याच्या सांगण्यावरून, मदरबोर्ड घेतात ओळखीच्या दुकानातून, आणि मग दोन्ही पिशवीत घालून देवमनपुढे ठेवतात, की बसव आता. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं आणि बोर्ड म्हणजे बाकीचं अंग, इतकं सगळ्यांना पाठ असतं. कोणतंही डोकं कोणत्याही धडावर बसत नाही, हे मात्र देवमननं सांगेपर्यंत कुणाला सुचत नाही. मग तो चिडतो, बोलतो, पंख्याखालची जागा गिऱ्हाइकाला देतो आणि कामाला लागतो.

त्याच्याकडे लवंग-वेलदोड्याच्या एका जुन्या डबीत, फोमच्या तुकड्यावर ठेवलेला एक प्रोसेसर आहे. चौकोनी, बिस्किटाच्या तुकड्याएवढा, खालच्या अंगाला सोनेरी पिनांची दाटी. जुन्या पिढीतला, तोही सगळ्यात स्वस्तातला. आज कुणाला फुकट दिला तरी घेणार नाही. पण देवमन त्याला इतका जपतो की, डबी हलवायची झाली तर संध्यालासुद्धा हात लावू देत नाही. कारण साधं आहे. कधी कधी बोर्ड जरा जुना असतो आणि प्रोसेसर नवा. खाच जुळते, पिना अलगद बसतात, पंखा फिरतो, आणि पडदा काळाच्या काळा. बोर्ड बनला तेव्हा हा प्रोसेसर जन्मालाच आलेला नव्हता, तर बोर्ड त्याला ओळखणार कसा? ही ओळख बोर्डाला शिकवता येते. त्याच्या पोटात बायोस नावाची जी माहिती असते, ती पुसून नवी भरायची. पण त्यासाठी बोर्ड आधी जागा व्हायला हवा, आणि जागा व्हायला कुणीतरी ओळखीचं लागतं. अशा वेळी देवमन डबी उघडतो. जुना प्रोसेसर बसवायचा, बोर्ड जागा करायचा, नव्याची ओळख त्याला शिकवायची, मग जुन्याला काढून नव्याला त्याच्या जागी बसवायचं. जुना परत डबीत.

“हे तं पाठराखीण झाली,” संध्या एकदा म्हणाली होती. “पोरीसंग सासरी जायाचं, चार दिस तिचा जीव रमोवाचा, अन् ते रमली का आपलं मुकाट्यानं घरी याचं.”

तेव्हापासून त्या प्रोसेसरचं नाव पाठराखीण पडलं. देवमन वरवर हसला, पण पुढच्याच गिऱ्हाइकाला त्यानं तेच नाव सांगितलं.

तर, उन्हाळ्यातल्या एका सकाळी आरती दुकानात आली. ही मूळची मोर्शीची. अकोल्यात होस्टेलवर राहून शिकत होती, तेव्हा तिचा लॅपटॉप दर दोन महिन्यांनी देवमनच्या टेबलावर असायचा. आता तिला अमरावतीच्या एका आर्किटेक्टकडे इमारतींची चित्रं करायचं काम मिळालं होतं, तेही घरी बसून. त्यासाठी दमदार मशीन पाहिजे होतं. ते मशीन ती एसटीनं, मांडीवर धरून घेऊन आली होती, आणि ते सुरू होत नव्हतं.

“आधी काय घेऊन बसली, थे सांग.”

“काका, मी काहीच नाई घेतलं. प्रोसेसर मामानं घेतला, बोर्ड बाबानं.”

“एका दुकानातून?”

“एका गावातूनबी नाई.”

देवमननं स्टूल पुढे सरकवलं. मग आरतीनं जे सांगितलं, ते ऐकताना त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

आरतीचे वडील भगवंतराव आणि बाळापूरचा मामा सूर्यभान, यांचं चार-पाच वर्षांपासून बोलणं नव्हतं. कारण ऐकलं तर पुण्याकडचा माणूस हसेल, पण वऱ्हाडात यावरून पिढ्या अबोल राहिल्या आहेत. सूर्यभानच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात माइकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारून दुपट्टा-टोपी देणं चाललं होतं. व्याह्यांचं नाव झालं, सरपंचाचं झालं, कुण्या सोसायटीच्या चेअरमनचं झालं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे भगवंतरावांचं नाव काही आलं नाही. ते दुपट्ट्याची वाट पाहत पहिल्या रांगेत बसले होते. मांडव रिकामा व्हायला लागला तसे ते उठले आणि न जेवता मोर्शीच्या गाडीत बसले. त्यावर सूर्यभान कुणाजवळ तरी म्हणाला, “नाई जेवला तं नाई जेवला.” असं वाक्य एसटीच्याही आधी गावी पोहोचतं. त्या दिवसापासून मनकर्णाबाईंचं, म्हणजे आरतीच्या आईचं माहेर बंद झालं. दिवाळी आली की त्या भाऊबीजेचं ताट करायच्या, चंद्राला ओवाळायच्या आणि ताट आत नेऊन ठेवायच्या.

आरतीच्या मशीनची गोष्ट निघाली तेव्हा आईनं चोरून भावाला फोन केला. सूर्यभाननं इतकंच विचारलं, की त्यातली सगळ्यात मोठी वस्तू कोणती? प्रोसेसर, असं कळल्यावर त्यानं अकोल्याला येऊन तो घेतला आणि आरतीला तिथंच बोलावून तिच्या हातात ठेवला. एवढ्या वर्षांत भावाच्या घरून आलेली ती पहिली वस्तू. मनकर्णाबाईंनी तिला कुंकू लावलं, तेही डबा न उघडता, म्हणून प्रोसेसर वाचला. भगवंतरावांच्या कानावर हे गेलंच.  दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले आणि बोर्ड घेऊन आले. प्रोसेसर मामाचा, तर त्याच्याखालचं सगळं बापाचं! आरतीनं दोघांनाही सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, नाव नीट सांगितलं होतं. भगवंतरावांनी दुकानात तीन डबे हातात तोलून पाहिले आणि जो जड भरला तो उचलला. तो नेमका दुकानात बरेच दिवस पडून असलेला निघाला.

“आता बाबा म्हन्तात, साल्यानं प्रोसेसर सडका देल्ला. मामा म्हन्ते, भाऊजीनं बोर्ड भंगार घेतला. अमरावतीचे दुकानवाले म्हन्ले, बोर्ड बदलून देतो, नवीन घ्या. मी घेऊबी शकतो, काका. पन आई...” आरती थांबली. “आई म्हन्ते, दोघायपैकी एकाचंबी वापस गेलं, तं माहं माहेर कायमचं गेलं.”

एरवी देवमननं ‘बोर्ड बदलून घे अन् मोकळी हो’ असं सांगितलं असतं. ते सोपं होतं, आणि कुणीही तेच सांगितलं असतं. पण एका बाईचं माहेर या दोन वस्तू एकमेकींत बसण्यावर अडकून पडलंय, हे ऐकल्यावर त्याला ते म्हणवेना. त्यानं पंखा काढला, प्रोसेसर दाबून धरणारा आकडा उचलला, प्रोसेसर उजेडात धरून पाहिला. पिना सरळ होत्या. बोर्डावरचा बायोसच्या तारखेचा छोटा कागद वाचला आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली.

“सडकं काईच नाई, बाई. दोघंबी चांगले हायेत. यायची फक्त वळख नाई.”

“मंग पाठराखीण लावा ना, काका.”

“लावतो. पन माहा नियम तुले मालूम हाय. वस्तू ज्याची, थो समोर पायजे.”

नियम होता खरा. टीव्हीच्या काळात एका माणसानं ‘माझी पिक्चर ट्यूब बदलली’ म्हणून गल्लीत तमाशा केला होता, तेव्हापासून देवमन मालकाच्या डोळ्यांदेखत काम करतो. त्यातही बायोसचं काम जोखमीचं. जुनं पुसून नवं लिहिताना मध्येच लाइन गेली तर धड जुनंही राहत नाही, नवंही नाही, आणि बोर्ड कायमचा जातो. पण हा नियम त्यानं किती वेळा मोडलाय, हे संध्याला विचारा. आरतीसारख्या घरच्या पोरीसाठी तर तो बोलण्यातसुद्धा आणला नसता. त्या दिवशी मात्र त्यानं तो चांगला घट्ट धरला आणि दोन फोन लावले.

“थो येऊन राहिला का?” भगवंतरावांनी विचारलं.

“कोन?”

“बाळापूरवाला.”

“मले नाई मालूम कोन येते. बोर्डाचं बिल तुमच्या नावाचं हाय, मले तुमी पायजे.”

सूर्यभाननंही अगदी तेच विचारलं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं, फक्त बोर्डाच्या जागी प्रोसेसर.

दोन दिवसांनी दुपारी दोघं आले. भगवंतराव धोतरातले, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले, मोर्शीहून एसटीनं. सूर्यभान पॅन्ट-शर्टातला, अंगानं भरलेला, स्वतःच्या गाडीनं. दुकानात जागा दोन माणसांची, त्यामुळे आरती पायरीवर आणि हे दोघं आत, गुडघ्याला गुडघा लावून. दोघांनीही एकमेकांकडे न पाहता अंग चोरून बसायचा प्रयत्न केला, पण तेवढी चोरायला जागाच नव्हती.

“देवमनभाऊ, यायले सांगा, प्रोसेसर कंपनीचा हाय,” सूर्यभान म्हणाला.

“तुमी त्याले सांगा,” भगवंतराव म्हणाले, “बोर्ड तीन डब्ब्यायतून निवडून आनला.”

“मी काय टपाल वाटाले बसलो का?” देवमन खेकसला. “चूप बसा दोघंबी.”

त्यानं डबी उघडली. पाठराखीण काढली, फुंकर घालून बोर्डावर अलगद ठेवली, आकडा खाली केला. पंखा लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. भगवंतराव पुढे झुकले. घेतल्यापासून त्यांच्या बोर्डानं पहिल्यांदा डोळे उघडले होते.

“पाहा! बोर्ड चांगला हाय,” ते म्हणाले.

“मंग माहा खराब झाला का?” सूर्यभान पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे वळून बोलला, आणि ते लक्षात येताच परत भिंतीकडे पाहायला लागला.

देवमननं पेन ड्राइव्ह लावला आणि काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. जुनं पुसलं जात होतं.  पट्टी पुरती अर्धी भरली नव्हती, तोच छताचा पंखा घरघरत मंद झाला. लाइन गेली होती.

टेबलाखालून यूपीएस किंचाळायला लागला. त्याची बॅटरी जुनी होती. पुढच्या आठवड्यात बदलतो म्हणत देवमननं दोन उन्हाळे काढले होते, आणि त्या क्षणी त्याला स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली. त्यानं पटापट टेबलावरचा दिवा बंद केला, छोटा पंखा बंद केला, राउटरची वायर उपटली. मग जरा थांबून त्यानं पडदाही बंद केला.

“हे काय केलं?” दोघंही एकदम ओरडले.

“पडदाबी लाइन खाते. थो बंद असला तरी काम चालू राहते. त्या पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकते ना, त्याच्याकडे पाहा.”

अकोल्याचं ऊन काय असतं हे अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पत्र्याच्या छताखाली, पंख्याविना ती खोली तापत गेली. चार माणसांचे डोळे एका हिरव्या ठिपक्यावर होते. यूपीएस टूं-टूं करत होता. सूर्यभानला बीपी होतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला, मान एका बाजूला कलायला लागली, ओठ पांढरे पडले.

“मामा!” आरती पायरीवरून उठली.

तिच्याआधी भगवंतराव उठले होते. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, माठातलं पाणी ओतून भिजवला आणि सूर्यभानच्या डोक्यावर, मानेवर घट्ट दाबून धरला. दुसऱ्या हातानं बोर्डाच्या खोक्याचं झाकण उचलून ते वारा घालायला लागले.

“डोयात पाह्य माह्या. अरे पाह्य इकडं, सूर्यभान. गोयी घेतली होती का सकायी?”

“घेतली.”

“जेवला होता?”

“नाई,” सूर्यभान पुटपुटला. “इकडं याचं होतं, तं घास नाई गेला.”

“येडा हायेस तू,” भगवंतराव म्हणाले आणि आणखी जोरात वारा घालायला लागले. त्यांच्या स्वतःच्या नाकावरून घाम टपकत होता.

ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन सूर्यभान सावरून बसला. मग त्यानं तो हातानं चाचपला.

“भाऊजी, त्या दिशी तुमचं नाव मीच सांगाचं होतं माइकवाल्याले. सारे नावं मीच सांगून राहिलो होतो. मधात कोनीतरी आलं, म्हने नवरीले चक्कर आली. मी पयालो. वापस आलो तवा तुमी निघून गेले होते.”

“मंग तवाच काहून नाई सांगतलं?”

“शरम वाटली. मोठ्या तोऱ्यात बोलून बसलो, नाई जेवला तं नाई जेवला. तोंडातून गेल्यावर काय करता?”

भगवंतरावांचा वारा घालणारा हात थांबला नाही. “फोन कराचा होता.”

“तुमी उचलला असता?”

यावर भगवंतराव खरं बोलले. “नाई.”

तेवढ्यात हिरवा ठिपका थांबला. मशीनचा पंखा बंद पडला. आरतीनं तोंडावर हात ठेवला. देवमन जागचा हलला नाही. इतकी वर्षं हे काम करूनही त्या क्षणी त्याला कळेना की बोर्ड गेला की राहिला, आणि त्याच्या मनात फक्त मोर्शीची एक न पाहिलेली बाई होती. मग पंखा आपला आपणच परत फिरला; नवं लिहून संपवून बोर्ड पुन्हा जागा झाला होता. देवमननं पडदा लावला, घाईघाईनं एक ओळ वाचली, मशीन रीतसर बंद केलं आणि यूपीएसचा गळा दाबला.

“शिकला,” तो म्हणाला.

लाइन यायला बराच वेळ लागला. तोवर संध्यानं घरून पोळ्या आणि आंब्याचा रस पाठवला होता, तो सूर्यभाननं पुरता संपवला. लाइन आल्यावर देवमननं पाठराखीण काढून डबीत ठेवली आणि मामाचा प्रोसेसर बापाच्या बोर्डावर बसवला. पडद्यावर बोर्ड आणि प्रोसेसर, दोघांची नावं आली, एकाखाली एक.

“माहा कोन्ता?” भगवंतरावांनी विचारलं.

“वरचा.”

“अन् माहा खाली काहून?” सूर्यभान म्हणाला.

“आता यावरून भांडान, तं दोघायलेबी बाहेर काढीन,” देवमन म्हणाला. आरती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

मशीन बांधताना देवमननं बजावलं, की आता हे एसटीनं न्यायचं नाही. आतला पंखा जड आहे, बडनेऱ्यापर्यंत बोर्डासकट उखडून हातात येईल. भगवंतराव डबा धरून उभे राहिले. सूर्यभान किल्ली बोटांत फिरवत होता.

“भाऊजी, गाडी हाय.”

“मोर्शीपर्यंत येतं?”

“ताईनं घरात घेतलं तं येतो.”

“घराचं तिलेच इचार,” भगवंतराव म्हणाले. “मी मात्र समोर बसतो. मांगं मले मयमयते.”

गाडी गल्लीतून वळेपर्यंत देवमन पायरीवर उभा होता. मग तो आत आला आणि उरलेल्या दिवसात त्यानं एकाही गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही. पहिल्याच्या लक्षात आलं, दुसऱ्यानं तर तब्येत विचारली.

दिवेलागणीला तो घरी पोचला, तोच त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“दादा, मी मनकर्णा बोलतो. आरतीची माय.”

“बोला ताई. पोचले का सारे? मशीन नीट सुरू झालं ना?”

“थे अजून गाडीतच हाय.” पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मागे दोन पुरुष कशावरून तरी मोठमोठ्यानं वाद घालत होते. मनकर्णाबाईंचा आवाज एकदम ओला झाला. “कोनाले आठोन हाय त्याची! भाऊ जेवून राहिला माहा. पयली भाकर संपली, दादा, अन् त्यानं आपल्या तोंडानं दुसरी मांगतली.”

 संध्या आतून पाहत होती, म्हणून देवमननं भिंतीकडे तोंड केलं.

“राहू द्या मशीन,” तो म्हणाला. “सकायी लावते आरती. तुमी वाढा त्यायले.”